प्रसादची टाकी, मावशीचा कापूस

हिल्सबरो, ऑकलंड
६ ऑगस्ट २०२५

चि. प्रसाद,

आशीर्वाद शेवटी देईन, तोपर्यंत शिल्लक राहिले तर.

आज दुपारी कुरिअरवाला तुझ्या नावाचं एक खोकं दारात ठेवून गेला. तुला इथून ख्राइस्टचर्चला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तुझी पार्सलं अजून मावशीच्याच पत्त्यावर! मला वाटलं, दिवाळीचं काहीतरी आधीच मागवलंस की काय. म्हणून उघडलं. हो, उघडलं. माझ्या दारात आलेलं खोकं मी नाही उघडणार तर काय शेजारचा उघडणार?

आत काय, तर अंगठ्याएवढी स्टीलची टाकी. तिचं बूड फिरवून काढलं तर दोन चिमुकले खांब, त्यांना मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू. बारीक तारेच्या तयार गुंडाळ्या, एक इवलासा स्क्रूड्रायव्हर, आणि चेनच्या पुडीत कापूस. मी म्हटलं, पोरगा इंजिनियर आहे, साइटवरचं काही असेल. दीप्ती ऑफिसातून यायची होती, म्हणून तिच्या लेकीला, सिद्धीला दाखवलं. मी मराठीत विचारलं, तिनं फोनमधून मान वर न काढता सांगितलं, "आजी, इट्स अ वेप थिंग. पीपल बिल्ड देअर ओन."

म्हणजे ओढायचं ते ओढायचंच, वर त्याचं यंत्रही घरी बसून स्वतःच्या हातानं बांधायचं! धन्य आहे बाबा तुझी. पुण्याहून ताईनं तुला शिकायला माझ्याकडे पाठवलं ते याचसाठी का रे? पंधरा वर्षांच्या पोरीला जे बघताक्षणी कळतं ते तिच्या सदतीस वर्षांच्या मामाच्या खोक्यात निघतं. मला लाज वाटली तिच्यासमोर.

या घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरायचं ते तू ऐकलंयस. काकांचं सिलिंडर गाडीत चढवायला तूच असायचास. ते बाहेरून आले की मी आधी त्यांची बोटं हुंगायची, मग पाणी द्यायची. तू सोफ्यावर बसून हसायचास. येत्या मंगळवारी त्यांची तिथी. दहा वर्षं होतील. तुझ्या लक्षात तरी आहे का?

खोकं माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. उत्तर पत्रानंच पाठव. व्हॉट्सॲपवर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस आणि फोनवर तुझी कायम साइट चालू असते. ताईला मी अजून काही कळवलेलं नाही. 'अजून' हा शब्द नीट वाच.

मावशी

*

ख्राइस्टचर्च
११ ऑगस्ट २०२५

ती. मधूमावशी,

नमस्कार.

पत्ता बदलायचा राहिला ही माझी चूक, मान्य. पण पार्सलवर माझं नाव होतं! इथं दुसऱ्याचं टपाल उघडणं गुन्हा आहे, माहितेय? आणि उघडलंस ते उघडलंस, वर सिद्धीला दाखवलंस? तिच्या नजरेत मामाची काय राहिली?

आता ऐक. मी चौदा वर्षं सिगरेट ओढली. तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस, कारण तेव्हा तुझा सगळा जीव काकांच्या छातीत अडकला होता. दोन मार्चला मी शेवटची सिगरेट ओढली. त्या दिवशी साइटवर लिफ्ट बंद होती, चार मजले चढलो आणि वर जाऊन रेलिंगला धरून उभा राहिलो. माझ्याच छातीतून तो आवाज आला, मावशी. मशीनच्या आधीचा, तो शिट्टीसारखा. तुला ठाऊक आहे कुठला.

मग वेप घेतला. वापरून फेकायचे मिळायचे ते. त्यावर तीन महिने सिगरेटला शिवलो नाही. जूनमध्ये सरकारनं ते बंद केले. करा, माझी तक्रार नाही, शाळेतली पोरं ओढत होती. पण सिगरेट? ती कोपऱ्यावरच्या डेअरीत, किराणा-पेपर घेतो त्याच दुकानात, दुधाच्या बाटलीइतकीच सहज मिळते! मारणारी चालू आणि सोडवणारी बंद, हा कुठला न्याय?

दुसरा घेतला, तो गळतो. त्याची कॉइल, म्हणजे आतली तापणारी तारेची गुंडाळी, आठवड्यात जळते आणि नवी दुकानात सापडत नाही. म्हणून ठरवलं, असा घ्यायचा की ज्याची तार आणि कापूस मला स्वतः बदलता येईल. त्यालाच रिबिल्डेबल म्हणतात. यात बाँब वगैरे काही नाही. निरांजनासारखं समज: कापूस निकोटीनचा रस शोषतो, तार तापते, वाफ होते.

दुकानात गेलो तर तिथला दाढीवाला बाप्या मला दोन कॉइलींचा राक्षस विकायला निघाला. "ब्रो, हीप्स ऑफ क्लाउड्स!" अरे, मला ढग नको होते, मला सिगरेट नको होती! तीनदा सांगितलं. तरी ढग. शेवटी तसाच बाहेर पडलो आणि सहा आठवडे स्वतः वाचलं. एका प्रकारात टाकी नसते, दर चार झुरक्यांनी वरून थेंब घालायचे. साइटवर हातमोजे घालून मी थेंब घालत बसू? म्हणून टाकीवाला. एकच कॉइल, कारण नवख्याला दोन सारख्या बसवता येत नाहीत. खांबांची भोकं मोठी, कारण माझ्या बोटांनी बारीक तार ओवली जात नाही. गुंडाळ्या तयार घेतल्या. ज्यावर हे बसवायचं ते बॅटरीचं डबडंही साधंच, तार चुकीची लागली तर चालूच होत नाही. लग्नासाठी मुली बघतानासुद्धा मी इतका विचार केला नव्हता, आणि ते तुझ्या कपाटात कुलपात!

जुन्यातल्या शेवटच्या दोन कॉइली दोनेक आठवडे टिकतील. त्यानंतर माझ्याजवळ काही नाही. पाठव, प्लीज.

तिथी लक्षात आहे. एक गोष्ट दहा वर्षं सांगायची राहिली. माझी पहिली सिगरेट काकांच्याच पाकिटातली होती, मागे कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी. त्यांनी दिली नव्हती, मी घेतली होती. त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

प्रसाद

*

हिल्सबरो
१७ ऑगस्ट २०२५

चि. प्रसाद,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चिडले. पहिल्यांदा तुझ्यावर, दुसऱ्यांदा सरकारवर, तिसऱ्यांदा यांच्यावर. पोरगं पाकिटातून सिगरेट काढताना पाहतात आणि गप्प बसतात! वर गेल्यावर जाब विचारणार आहे.

आणि निरांजनाशी तुलना करू नकोस. देवाचं ते देवाचं. माझ्या देवघरात कुणी झुरके मारत नाही.

दीप्तीनं माझी शाळा घेतली ती वेगळीच. "आई, सिगरेटपेक्षा बरं आहे, डॉक्टरसुद्धा म्हणतात, तू पार्सल देऊन टाक." मी म्हटलं, विषापेक्षा भांग बरी म्हणून कुणी भांगेचा नैवेद्य दाखवतं का? तर म्हणाली, मग कुलपात ठेव आणि त्याला सिगरेट ओढू दे. पोटची पोर, पण बोलते सासूसारखी.

तेव्हा पाठवतेय. मनात नसताना पाठवतेय हे लक्षात ठेव. सगळं जागच्या जागी आहे, टाकी, तार, कापूस, काही हललेलं नाही. सोबत बेसनाचे लाडू आहेत. गणपतीला खा, त्या आधी नको.

मंगळवारी तिथी नीट झाली. ब्राह्मण ऑकलंडच्या दुसऱ्या टोकाहून आला आणि घाईत होता. पण यंदा निरांजन फार सुंदर तेवलं. संध्याकाळपर्यंत वात जागची हलली नाही, काजळीसुद्धा धरली नाही. मी बघत बसले होते.

तो रस का काय, तो जरा कमी-कमी तीव्र करत जा. आयुष्यभर ओढायचं लायसन्स मी देत नाहीये.

मावशी

*

ख्राइस्टचर्च
१ सप्टेंबर २०२५

ती. मावशी,

नमस्कार. गणपती दीड दिवसाचा होता, छान झाला. लाडू पोचले आणि संपले.

बाकी त्या टाकीचं नाव काढू नकोस. फसवलंय मला, चक्क फसवलंय!

शनिवारी सकाळी टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून बसलो. गुंडाळी खांबांत बसवली, स्क्रू आवळले, उरलेली तार कापली. तापवून बघितली तर मध्यापासून लाल होत गेली, जशी व्हायला हवी तशी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मग पुडीतला कापूस ओवला, दोन्ही शेपट्या भोकांत बसवल्या, रस भरला, दहा मिनिटं मुरू दिला. सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि पहिला झुरका घेतला.

कापूर, मावशी! आरतीच्या तबकात तोंड घातल्यासारखा कापूर! घसा सोलून निघाला. सिंकवर वाकून इतका खोकलो की शेजारच्या बाईनं दार वाजवलं, "यू ओके, लव?" म्हणून. टाकी उकळत्या पाण्यानं धुतली, तार बदलली, त्याच पुडीतला नवा कापूस घातला. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

विकणाऱ्याला तीन ईमेल लिहिले. त्याचं उत्तर काय, तर आमच्या मालाला कापराचा वास येणं अशक्य आहे, तुमच्या घरातल्या कसल्या पदार्थाचा लागला असेल! माझं डोकंच फिरलं. म्हणजे आडनाव बघितलं आणि ठरवून टाकलं, यांच्या घरात वास येणारच! चौदा वर्षं या देशात टॅक्स भरतोय. मी त्याला लिहिलं की तुम्ही वंशद्वेषी आहात, आणि हा शब्द ठळक अक्षरात टाकला. पैसे परत दिले नाहीत तर ग्राहक न्यायालयात जाईन म्हणालो. जाणार आहेच. गोष्ट पैशांची नाही.

असो. तो नाद सोडला. जुनंही संपलं. मी ठीक आहे, काळजी करू नकोस. काम खूप आहे, म्हणून पत्र आखूड.

प्रसाद

*

हिल्सबरो
६ सप्टेंबर २०२५

प्रसाद,

तू ठीक नाहीस.

पाकीट फोडलं आणि वाचायच्या आधी कागद नाकाशी धरला. बत्तीस वर्षांची सवय आहे, मेली जात नाही. कागदाला सिगरेटचा वास आहे. एका हातात सिगरेट धरून दुसऱ्या हातानं मला लिहितोस की 'मी ठीक आहे'? कुणाला बनवतोस? तुझ्या काकांना नाही जमलं ते तुला जमणार होय? ते तर बडीशेप खाऊन यायचे.

भयंकर राग आला. पत्र टेबलावर आपटलं. मग पुढे वाचलं, आणि 'कापूर' हा शब्द पुन्हापुन्हा वाचला.

तो विकणारा वंशद्वेषी नाही. तो खरं बोलतोय. कापूस माझा होता.

आता शांतपणे वाच, मधे ओरडू नकोस. तिथीच्या आदल्या दिवशी मी वाती करायला बसले. माझ्याकडचा पुण्याचा कापूस जुना, सरकीच्या कण्यांनी भरलेला, वळताना तुटत होता. कपाट उघडलं तर तुझी पुडी. इतका पांढरा, लांब धाग्याचा, लोण्यासारखा कापूस मी जन्मात पाहिला नव्हता. मनात आलं, हा जाळायलाच चाललाय ना, मग त्याच्या काकांसाठी जळू दे. सगळा काढून घेतला. आणि पुडी रिकामी दिसू नये म्हणून माझ्या डब्यातला कापूस तुझ्या कापसासारखाच चौकोनी थापून आत घातला. डब्यात मी भीमसेनी कापराचे खडे ठेवते, किडा लागू नये म्हणून. मला काय ठाऊक, तू तो छातीत ओढणार? म्हणजे ठाऊक होतं रे. तूच लिहिलं होतंस, कापूस रस शोषतो, तार तापते. पत्र आलं तेव्हा पुडी बदलून झाली होती, आणि मी म्हटलं, कापूस तो कापूस. खरं सांगायचं तर थोडी खुन्नसही होती. म्हणून धडधडीत खोटं लिहिलं, 'काही हललेलं नाही.'

जे निरांजन मी तुला इतकं कौतुकानं वर्णन केलं, ती तुझी वात होती.

आणि आता जे कुणालाच सांगितलेलं नाही, दीप्तीलाही नाही, ते सांगते. तू यायच्या आदल्या वर्षी काकांनी सिगरेट सोडायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगगम दिलं. ते गुपचूप चघळायचे, पाच दिवस बोटांना वास नव्हता. सहाव्या दिवशी मला उशीखाली ते पाकीट सापडलं. मी काय केलं? सगळ्यांसमोर कचऱ्यात फेकलं. म्हटलं, "सोडायची तर मर्दासारखी सोडा, ही च्युइंगगमची थेरं कशाला? पुन्हा निकोटीनच ना?" ते काही बोलले नाहीत. आठवड्यानं बोटांना वास आला. मी जिंकल्यासारखी म्हणाले, "बघा, मला माहीतच होतं!" पाच वर्षांनी गेले.

मी त्यांना मारलं असं कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण त्यांनी एकदा हात पुढे केला होता आणि मी त्यावर चापट मारली. आता तुझ्यावर. एकाच बाईच्या हातून दोनदा! माझा मलाच इतका संताप आलाय की दोन दिवस देवासमोर दिवासुद्धा लावला नाही.

काल दीप्तीला गाडी काढायला लावली आणि माउंट रॉस्किलच्या एका वेपच्या दुकानात गेले. दारात पोरगं म्हणतं, अठरा पूर्ण आहेत का याचं ओळखपत्र दाखवा. मला! एकोणसत्तर वर्षांच्या बाईला! म्हटलं, मेल्या, केस बघ माझे. तर हसून, माओरी नमस्कार ठोकून म्हणाला, "किया ओरा आँटी, मस्करी केली." मस्करी! तिथंच झापला त्याला. पण पोरगं गुणी निघालं. कापसाच्या दोन पुड्या दिल्या आणि तुझ्यासारखीच एक टाकी उघडून दाखवली. त्यानं कापूस ओवला तो मी बघितला आणि म्हटलं, अरे गच्च झाला, वात गच्च वळली की तेल चढत नाही. तो म्हणाला, आँटी, नवे लोक नेमकं हेच चुकतात. मी म्हटलं, मी नवी नाही, चातुर्मासात लाखभर वाती वळलेली बाई आहे.

दोन्ही पुड्या सोबत आहेत. सील दुकानाचंच आहे, बघून घे, मी हात लावलेला नाही. गुंडाळीतून ओवताना कापूस जरासा अडकला पाहिजे, पण तार वाकता कामा नये. शेपट्या भोकावर नुसत्या टेकव, कोंबू नकोस. विंचरून टोकं पातळ कर, फुलवातीचं टोक करतो तसं. इंजिनियर झालास तरी हे तुला कुणी शिकवलं नसणार.

डेअरीतून आणलेलं पाकीट घरात असेल. त्याचं काय करायचं ते मी सांगणार नाही. मी सांगितलं की काय होतं ते एकदा पाहिलंय.

आणि हे यंत्रही कधीतरी सोडायचंय. पण तुझ्या वेळेनं. मी घड्याळ घेऊन बसणार नाही.

चुकले रे. मोठी असून चुकले.

मावशी

*

ख्राइस्टचर्च
५ ऑक्टोबर २०२५

ती. मावशी,

महिना लावला उत्तराला, कारण आधी लिहिलं असतं तर शिव्या लिहिल्या असत्या. एवढा चिडलो होतो की तुझं पत्र साइटवरच्या डब्यात फेकलं आणि दहा मिनिटांनी हातमोजे घालून परत काढलं. कागदाला डांबर लागलंय.

कापूस बदललास म्हणून नाही चिडलो. 'काही हललेलं नाही' लिहिलंस म्हणून. मग आठवलं, 'मी ठीक आहे' कुणी लिहिलं होतं.

त्या विकणाऱ्याला माफीचा ईमेल लिहिला. काय लिहू? माझ्या मावशीनं तुमचा कापूस देवाला लावला आणि कापराचा मला पाठवला? तसंच लिहिलं. त्यानं राग न धरता उत्तर दिलं, "स्वीट ॲज," आणि वर विचारलं, तो दिवा कसा जळला? मी सांगितलं, काजळी नाही धरली.

तुझ्या पुड्या आल्या त्या दिवशी पाकिटात अजून सिगरेटी होत्या. लगेच काही केलं नाही. आधी टाकी उघडली. कापूस विंचरला, टोकं पातळ केली, शेपट्या टेकवल्या, कोंबल्या नाहीत. झुरका घेतला तर कसलाच वास नाही, ना कापराचा ना जळका. नुसती वाफ. मग पाकीट बादलीत बुडवलं, एकेक सिगरेट फुगून फुटली ते बघितलं, आणि मगच कचऱ्यात टाकलं. त्याला पंचवीस दिवस झाले. रस दोनदा पातळ केला. काल चार मजले चढलो. रेलिंग धरली, पण सवयीनं.

काकांच्या च्युइंगगमचं वाचलं. फार राग आला तुझा. खोटं नाही बोलत, अजून थोडा आहे. पण दोरीपाशी मी पाकीट उघडलं तेव्हा तेही गप्पच राहिले होते. आपल्या घरात एकजण गप्प बसतो आणि दुसरा ओरडतो, मधलं कुणी काही करतच नाही. तू त्या दुकानात गेलीस, एवढं मात्र मधलं होतं.

दिवाळीला येतोय. सतराची संध्याकाळची फ्लाइट आहे, दीप्तीला सांग न्यायला ये म्हणून. विमानात हात धुणार नाही, एअरपोर्टवर नाही, तुझ्या दारातल्या नळावरही नाही. तसाच आत येईन. पाणी नंतर दे. आधी बोटं हुंग.

प्रसाद